मराठी स्टँड-अप आणि ऑनलाइन व्हिडिओ: हा व्यवसाय करू पाहणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात होणाऱ्या एका मराठी ओपन माइकच्या, म्हणजे कोणीही नाव नोंदवून काही मिनिटे बोलू शकेल अशा कार्यक्रमाच्या, आयोजनात मी गेली काही वर्षे आहे. कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या आवरता आवरता नवी मुले-मुली, आणि पुष्कळदा त्यांचे आईवडीलही, जे प्रश्न विचारतात ते येथे एकत्र केले आहेत. बहुतेक उत्तरांत एकच गोष्ट वेगवेगळ्या वाटांनी येईल, म्हणून ती आधीच सांगतो: या व्यवसायाचे भांडवल म्हणजे समोर बसलेल्या माणसांपुढे घालवलेली मिनिटे. व्हिडिओ हे त्या भांडवलावर मिळणारे व्याज आहे आणि मुद्दल नसताना व्याजाची वाट पाहण्यात अनेकांची उमेदीची वर्षे गेलेली मी पाहिली आहेत.

स्टँड-अप म्हणजे आपला एकपात्री प्रयोगच ना?

नाते जवळचे आहे, पण प्रकार वेगळा आहे. तमाशात गण-गौळण झाल्यावर जी बतावणी होते, तिच्यात सोंगाड्या त्या गावचे, त्या दिवसाचे काही ना काही उचलून हशा वसूल करीत असे. आजच्या स्टँड-अपचा सर्वांत जवळचा पूर्वज मला तोच वाटतो. पुढे पु. ल. देशपांडे यांनी १९६१ मध्ये ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने रंगमंचावर उभी केली आणि संपूर्ण संध्याकाळ एका माणसाच्या बोलण्यावर पेलता येते हे मराठी प्रेक्षकाला पटले. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी कथाकथन गावोगावी नेले. लक्ष्मण देशपांडे यांनी १९७९ पासून ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्रीत पन्नासहून अधिक पात्रे एकट्याने वठवली.

फरक असा, की एकपात्रीत कलाकार पात्रांच्या आड उभा असतो आणि संहिता बऱ्याच अंशी ठरलेली असते. स्टँड-अपमध्ये माणूस स्वतःच्या नावाने, स्वतःच्या अनुभवातून, स्वतःच्या मताने बोलतो. त्याची संहिता रोज रात्री प्रेक्षकांपुढे तपासली जाते, कापली जाते आणि पुन्हा शिवली जाते. म्हणूनच एकपात्रीची तालीम घरी करता येते. स्टँड-अपची तालीम मात्र लोकांसमोरच करावी लागते, कारण हशा हा त्या संहितेचा अर्धा भाग आहे आणि तो घरच्या आरशाकडून मिळत नाही.

महाराष्ट्रात हा पूर्णवेळ व्यवसाय केव्हापासून झाला?

एका तारखेवर बोट ठेवता येणार नाही, पण टप्पे सांगता येतात. हिंदुस्थान लिव्हरच्या कारखान्यात काम करता करता सहकाऱ्यांना हसवणारे जॉनी लिव्हर ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमांतून आणि ध्वनिफितींतून पुढे आले. त्या काळी विनोदी कलाकाराची जागा दोन गाण्यांच्या मधली असे. २००५ मध्ये दूरचित्रवाणीवरील ‘द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज’चे पहिले पर्व वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटच्या सुनील पाल यांनी जिंकले आणि केवळ विनोदावर नाव होऊ शकते हे घराघरांत पोहोचले. २०१० मध्ये लंडनच्या ‘द कॉमेडी स्टोअर’ने मुंबईत लोअर परळला आपले रंगगृह उघडले. तिकीट काढून फक्त स्टँड-अप ऐकायला जाण्याची सवय मुंबईत खऱ्या अर्थाने तेथून लागली, मात्र तिची भाषा मुख्यतः इंग्रजी आणि नंतर हिंदी होती.

मराठीचा मार्ग थोडा उशिरा आणि मोबाइलमधून उघडला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला, आणि त्याच वर्षी सारंग साठये, अनुषा नंदकुमार आणि पॉला मॅकग्लिन यांनी सुरू केलेल्या ‘भाडिपा’ या वाहिनीने शहरी मराठी बोलण्यातला विनोद यूट्यूबवर आणला. पुढच्या काळात त्यांनी मराठी स्टँड-अपलाही ठरवून जागा दिली. २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी आली. त्यानंतर काही दिवसांतच इन्स्टाग्रामने रील्स आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्स भारतात आणले. टाळेबंदीत रंगमंच बंद होता, त्यामुळे एक पूर्ण पिढी आधी व्हिडिओ आणि मग रंगमंच अशा उलट्या क्रमाने तयार झाली. आजच्या निम्म्या प्रश्नांचे मूळ या उलट्या क्रमात आहे असे माझे मत आहे.

पहिल्यांदा रंगमंचावर कसे जायचे? कोणाची ओळख लागते का?

ओळख लागत नाही. ओपन माइकचे आयोजक इन्स्टाग्रामवर अर्ज टाकतात. नाव नोंदवले की चार किंवा पाच मिनिटांचा ‘स्पॉट’ मिळतो. काही ठिकाणी नोंदणी निःशुल्क असते, तर काही ठिकाणी थोडे शुल्क असते किंवा सोबत एक-दोन प्रेक्षक आणण्याची अट असते. शेवटचे मिनिट उरले की मागून मोबाइलचा दिवा दाखवतात, आणि तो दिसल्यावर वेळेत थांबणे हा या क्षेत्रातला पहिला शिष्टाचार आहे. पाचाऐवजी आठ मिनिटे बोलणाऱ्याला पुढचा स्पॉट मिळणे अवघड जाते, मग त्याचे विनोद कितीही चांगले असोत, कारण त्याने आपल्यानंतरच्या माणसाची तीन मिनिटे घेतलेली असतात.

जाण्यापूर्वी दोनदा तरी केवळ प्रेक्षक म्हणून जाऊन बसावे. कोणत्या क्रमांकाला खोली थंड असते, निवेदक ती कशी तापवतो, आधीचा माणूस पडल्यावर, म्हणजे त्याला हशा न मिळाल्यावर, पुढचा कसा सावरतो, हे खुर्चीत बसूनच नीट दिसते. स्वतःच्या स्पॉटचे ध्वनिमुद्रण मात्र पहिल्या दिवसापासून करावे आणि दुसऱ्या दिवशी ते ऐकावे. आपल्याला ‘सगळे हसले’ असे जे वाटते त्यातले प्रत्यक्षात तीन जण हसलेले असतात आणि त्यातले दोन आपलेच मित्र असतात, हे ध्वनिमुद्रणच सांगते.

चांगली पाच मिनिटे तयार व्हायला किती वेळ लागतो?

माझ्या पाहण्यात, आठवड्याला दोन-तीन स्पॉट करणाऱ्याची कोणत्याही खोलीत चालतील अशी पाच मिनिटे साधारण वर्षभरात उभी राहतात, आणि स्वतःच्या नावावर तासाभराचा ‘सोलो’ उभा राहायला चार-पाच वर्षे जातात. हा काळ कमी करण्याचा मार्ग म्हणजे जास्त स्पॉट; दुसरा मला माहीत नाही.

लिहिण्याबाबत एक गोष्ट विस्ताराने सांगायला हवी, कारण ती मराठीत विशेष जाणवते आणि इंग्रजी विनोद ऐकून शिकलेल्यांच्या ती लवकर लक्षात येत नाही. विनोदाचा जोर ज्या शब्दावर असतो तो शब्द वाक्यात शेवटी यावा लागतो, कारण त्यानंतर आपण काही बोललो तर हशा आपल्याच आवाजाखाली दबतो. मराठी वाक्य क्रियापदावर संपते. त्यामुळे सरळ लिहिलेल्या वाक्यात धक्का देणारा शब्द मध्ये अडकतो आणि मागे ‘केले होते’, ‘गेलेली आहे’ असे शेपूट उरते. उदाहरणार्थ, ‘आईने माझ्या लग्नासाठी साठवलेले पैसे शेवटी गुडघ्यांवर खर्च केले’ हे वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे, पण त्यात ‘गुडघ्यांवर’ हा शब्द आल्यावर प्रेक्षक हसू लागतो तोच आपण ‘खर्च केले’ म्हणून त्याला थांबवतो. हेच बोलताना ‘आईने माझ्या लग्नासाठी साठवलेले पैसे शेवटी खर्च केले... गुडघ्यांवर’ असे म्हटले की शब्द जागेवर बसतो. आपली बोली ही मोकळीक देते. आजी गोष्ट सांगताना नेमके हेच करीत असे. म्हणून विनोद कागदावर लिहावा, पण आधी मोठ्याने बोलून मग लिहावा.

त्याखेरीज दर वेळी दोन जुने आणि एक नवा असे मिश्रण ठेवावे. सगळे नवे ठेवले तर विनोद पडला की खोली थंड होती हे कळत नाही.

मराठीत करावे की हिंदी-इंग्रजीत?

ज्या भाषेत तुम्ही भांडता त्या भाषेत. हा प्रश्न सहसा बाजारपेठेच्या भीतीपोटी विचारला जातो, म्हणून आकडा सांगतो: २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेले लोक ८ कोटी ३० लाखांच्या घरात होते आणि हिंदी व बंगालीनंतर देशात मराठीचा क्रमांक तिसरा होता. हा प्रेक्षक लहान नाही. तिकीट काढून नाटकाला जाण्याची सवय असलेल्या समाजांत तो मोडतो, आणि ही सवय भारतातील थोड्याच भाषांच्या वाट्याला आलेली आहे. हिंदीत स्टँड-अप करणारे झाकिर खान यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हिंदीतून प्रयोग केला. इंदूरकडच्या बोलण्याचा वळसा त्यांनी कधी सोडला नव्हता, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

प्रमाण मराठीचा आग्रह तर मुळीच धरू नये. विनायक माळी यांनी आगरी बोलीतल्या व्हिडिओंतून रायगड-ठाण्याचे घर, अंगण आणि हळदीचा मांडव आणला आणि आगरी न बोलणाऱ्यांनीही तो डोक्यावर घेतला. साताऱ्याकडच्या ‘कोरी पाटी’च्या मंडळींनी ‘गावाकडच्या गोष्टी’ या मालिकेत गावची बोली जशीच्या तशी ठेवली. मच्छिंद्र कांबळी यांनी मालवणी रंगभूमी मुंबईच्या प्रमुख नाट्यगृहांत आणली त्यालाही आता चार दशके झाली. तरीही माझ्याकडे येणारी विदर्भाची, खानदेशाची मुले पहिल्या स्पॉटला पुणेरी बोलण्याचा प्रयत्न करतात आणि त्यात त्यांचे टायमिंग हरवते, याचे मला मनापासून वाईट वाटते. वऱ्हाडी माणसाने ‘काहून’ म्हणावे. पुण्याचा प्रेक्षक समजून घेतो, आणि नाही समजले तर दुसऱ्या वाक्याला समजतो.

स्टँड-अपचा विनोद ऑनलाइन कधी टाकावा?

रंगमंचावर त्याचे काम पूर्ण झाल्यावर. व्हिडिओ प्रसिद्ध झाला की तो विनोद ‘जळतो’, म्हणजे पुढच्या कार्यक्रमात प्रेक्षकाला शेवट आधीच ठाऊक असतो. गायकाकडे लोक तेच गाणे पुन्हा मागतात. विनोदकाराकडे तोच विनोद पुन्हा ऐकायला कोणी पैसे देत नाही. म्हणून एखादा सोलो दोन-तीन वर्षे फिरवायचा, मग तो संपूर्ण चित्रित करून प्रसिद्ध करायचा आणि नव्या तासाची तयारी सुरू करायची, असा क्रम अनुभवी मंडळी ठेवतात.

मधल्या काळात लोकांसमोर राहण्यासाठी प्रेक्षकांशी झालेल्या उत्स्फूर्त संवादाच्या, म्हणजे ‘क्राउड वर्क’च्या, क्लिप टाकल्या जातात, कारण त्यांत लिहिलेला विनोद खर्च होत नाही. ही सोय खरी आहे, पण तिचा एक दुष्परिणाम आता प्रत्येक आयोजकाला दिसतो: पहिल्या रांगेतला माणूस आपण क्लिपमध्ये यावे म्हणून मध्येच बोलू लागतो, आणि नवा कलाकार लिहिण्याचे कष्ट टाळून ‘काय करता तुम्ही?’ याच प्रश्नावर पाच मिनिटे काढतो. शिवाय प्रेक्षकाचा चेहरा आणि नाव प्रसिद्ध करण्यापूर्वी त्याची परवानगी घेणे हे सौजन्य आहे. खोलीत हसणारी व्यक्ती लाखो अनोळखी लोकांपुढेही हसायला तयार असेलच असे नाही.

मग फक्त व्हिडिओ करणे, रंगमंचाशिवाय, शक्य नाही का?

अगदी शक्य आहे, पण तो वेगळा व्यवसाय आहे हे समजून करावा. ठाण्याच्या प्राजक्ता कोळी रेडिओतून आल्या आणि २०१५ पासून घरगुती प्रसंगांवरच्या व्हिडिओंनी त्यांनी नाव केले; त्याच वर्षी दिल्लीत भुवन बाम यांनी मोबाइलसमोर एकट्याने सगळी पात्रे करायला सुरुवात केली. या कामात प्रसंगलेखन, अभिनय, संकलन आणि सातत्य यांची गरज असते. रंगमंचावर प्रेक्षक दार उघडून निघून जायला संकोचतो, तर पडद्यावर त्याचा अंगठा दुसऱ्या सेकंदालाच सरकतो. त्यामुळे तेथे प्रस्तावना चालत नाही आणि प्रसंगाच्या मधूनच सुरुवात करावी लागते.

साधनांवर आधीच पैसे घालू नयेत. मोबाइलचा कॅमेरा पुरतो. पैसे घालायचेच असतील तर पहिल्यांदा कॉलरला लावायच्या माइकवर घालावेत, कारण अस्पष्ट चित्र लोक चालवून घेतात, अस्पष्ट आवाज घेत नाहीत. आणि मराठी मजकूर खाली दिसेल अशी सोय करावी, कारण बसमध्ये, ऑफिसमध्ये बरेच लोक आवाज बंद ठेवून पाहतात. तो मजकूर शुद्ध असावा असा माझा आग्रह आहे. लोक तुमच्याकडून नकळत लिहायला शिकत असतात.

यूट्यूबकडून पैसे नेमके केव्हा आणि कसे मिळतात?

जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी १,००० सदस्य (सबस्क्रायबर) आणि मागील १२ महिन्यांत ४,००० तासांचे पाहणे, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सची १ कोटी वैध दर्शने (व्ह्यूज), अशी अट आहे. ५०० सदस्यांच्या पायरीवर चाहत्यांच्या सशुल्क सभासदत्वासारख्या काही सोयी मिळतात, जाहिरातींचा वाटा नाही. मोठ्या व्हिडिओवरील जाहिरात उत्पन्नाचे ५५ टक्के निर्मात्याला मिळतात. शॉर्ट्सच्या बाबतीत निर्मात्यांसाठी ठरलेल्या निधीतील वाट्याचे ४५ टक्के मिळतात. खात्यात १०० डॉलर जमेपर्यंत रक्कम बँकेत येत नाही, आणि त्याआधी पत्त्याच्या पडताळणीसाठी टपालाने एक पिन क्रमांक येतो. घरचा पत्ता अचूक आणि पूर्ण लिहावा, कारण हे पत्र हरवल्याने महिनोन्‌महिने पैसे अडकलेले मी पाहिले आहेत.

अमेरिकेच्या कराची माहिती विचारणारा अर्जही भरावाच. आपले प्रेक्षक न्यू जर्सीत आणि कॅलिफोर्नियातही आहेत, त्यामुळे हा विषय मराठी निर्मात्यालाही लागू पडतो. अर्ज भरल्यास भारत-अमेरिका करारानुसार केवळ अमेरिकी प्रेक्षकांकडून आलेल्या उत्पन्नातून १५ टक्के कापले जातात. न भरल्यास एकूण जागतिक उत्पन्नातूनच कपात होऊ शकते.

या पैशांवर घर चालते का?

सुरुवातीची कितीतरी वर्षे नाही. दर्शनांमागे मिळणारी रक्कम प्रेक्षक कोठे आहे आणि त्याच्यासाठी कोण जाहिरात देतो यावर ठरते, आणि मराठी प्रेक्षकासाठी बोली लावणारे जाहिरातदार इंग्रजीच्या तुलनेने थोडे आहेत. घर चालते ते तिकिटे, कंपन्यांचे कार्यक्रम, महाविद्यालयांची स्नेहसंमेलने, गणेशोत्सव, निवेदन, जाहिरातींची कामे आणि मालिका-कार्यक्रमांसाठीचे लेखन यांच्या बेरजेवर. मराठी वाहिन्यांवरील विनोदी कार्यक्रमांना दर आठवड्याला नवे प्रहसन लागते, आणि स्टँड-अपमधून आलेल्या लेखकाला तेथे मिळणारे काम हा अनेकांचा स्थिर आधार असतो. पडद्यावर चेहरा दिसत नाही म्हणून ते कमी लेखू नये.

तिकिटाचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. समजा ८० खुर्च्यांची खोली आहे, तिकीट ३०० रुपये आहे आणि ६० तिकिटे गेली. जमले १८,०००. त्यातून तिकीटविक्रीच्या संकेतस्थळाचे शुल्क, जागेचे भाडे किंवा जागेचा वाटा, आधी बोलणाऱ्या सहकलाकाराचे मानधन, चित्रीकरण करणाऱ्याचे पैसे आणि परगावचा कार्यक्रम असेल तर प्रवास व मुक्काम वजा करावा. हातात उरते ते पाहून धीर सोडू नये, पण त्या ६० लोकांपैकी किती जण तुमच्या क्लिप पाहून आले होते ते मात्र प्रत्येक वेळी विचारावे. व्हिडिओचा खरा उपयोग तेथे मोजला जातो. लाखभर दर्शने आणि नाशिकमध्ये २० तिकिटे, असे झाले तर आपला प्रेक्षक अंगठा थांबवतो पण घराबाहेर पडत नाही, एवढे कळते.

कंपन्यांच्या कार्यक्रमात अर्धी रक्कम आगाऊ घ्यावी आणि विषयांची मर्यादा लेखी मागून घ्यावी. मला स्वतःला एकदा कार्यक्रम संपल्यावर ‘आमच्या साहेबांना आवडले नाही’ या कारणाने मानधन नाकारले गेले. काहीच लेखी नव्हते, आणि सोबत आणलेल्या दोन नव्या कलाकारांचे पैसे मला खिशातून द्यावे लागले. ते देणे योग्यच होते. करार नसणे ही चूक माझी होती.

ब्रँडने पैशांऐवजी वस्तू दिली तर ती जाहिरात ठरते का?

ठरते. जाहिरात मानक परिषदेच्या मे २०२१ मधील मार्गदर्शक तत्त्वांनुसार आणि केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये काढलेल्या सूचनांनुसार पैसे, फुकट वस्तू, सहल, सवलत असा कोणताही लाभ घेतला असेल तर तो प्रेक्षकाला सहज दिसेल अशा रीतीने आणि व्हिडिओच्या भाषेत सांगावा लागतो. मराठी व्हिडिओत ‘जाहिरात’ हा सरळ शब्द आहेच. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायद्यानुसार १० लाखांपर्यंत, आणि पुन्हा घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय जुलै २०२२ पासून वर्षाला २०,००० रुपयांहून अधिक किमतीच्या अशा वस्तूंवर १० टक्के कर उद्गमस्थानी कापण्याची तरतूद आहे. फुकट मिळालेला फोन हेही उत्पन्नच.

झटपट कर्ज, पैसे लावायचे खेळ, पाण्याबरोबर घेताच वजन उतरवणारी चूर्णे यांची कामे घेऊ नयेत. लोक तुमच्यावर विश्वास ठेवतात ते तुम्ही त्यांच्या घरातले वाटता म्हणून.

जीएसटी नोंदणी लागते का?

सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की लागते, आणि यूट्यूबकडून येणारी रक्कमही उलाढालीत मोजली जाते. तिच्यावर निर्यातीचा शून्य दर कसा लागू करून घ्यायचा हे सनदी लेखापालाकडून समजून घ्यावे. पहिल्या कमाईपासून वेगळे बँक खाते ठेवावे. एवढे केले तरी पुढचा बराच त्रास वाचतो.

विनोदामुळे गुन्हा दाखल होऊ शकतो का?

होऊ शकतो, आणि या उत्तरात मी कोणालाही खोटा दिलासा देणार नाही. संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(क) ने अभिव्यक्तिस्वातंत्र्य दिले आहे आणि १९(२) ने त्यावर वाजवी निर्बंधांना वाव ठेवला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत गटागटांत वैर वाढवणे (कलम १९६), धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावणे (कलम २९९) आणि बदनामी (कलम ३५६) हे गुन्हे आहेत. अश्लील मजकूर ऑनलाइन प्रसिद्ध केल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ लागते. त्याच कायद्यातील कलम ६६अ मात्र सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. त्या खटल्याला कारण ठरली होती ती आपल्या पालघरमध्ये नोव्हेंबर २०१२ मध्ये एका फेसबुक मजकुरावरून झालेली दोन मुलींची अटक.

स्टँड-अप विनोदकार मुनव्वर फारुकी यांना १ जानेवारी २०२१ रोजी इंदूरमध्ये कार्यक्रमाच्या ठिकाणाहून अटक झाली आणि ५ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाकडून अंतरिम जामीन मिळेपर्यंत महिनाभराहून अधिक काळ ते कोठडीत होते. मार्च २०२५ मध्ये विनोदकार कुणाल कामरा यांच्या एका व्हिडिओनंतर मुंबईत खार येथील ज्या जागेत तो चित्रित झाला होता तिची मोडतोड झाली. या दुसऱ्या घटनेने मी अधिक अस्वस्थ झालो. एखाद्या विनोदावर आक्षेप असेल तर न्यायालय आहे, टीका आहे, कार्यक्रमाला न जाणे आहे. खुर्च्या तोडल्या की त्या रात्री पहिला स्पॉट करायला येणाऱ्या, त्या विनोदाशी काहीही संबंध नसलेल्या मुलामुलींचा रंगमंच जातो.

व्यवहारात काय करावे? रंगमंचावरचे संपूर्ण चित्रीकरण जपून ठेवावे, कारण तोडलेल्या तीस सेकंदांना उत्तर म्हणून पूर्ण संदर्भ दाखवता येतो. प्रसिद्ध करण्यापूर्वी व्हिडिओ विनोदी क्षेत्राबाहेरच्या दोघांना दाखवावा. नाट्यगृहात तिकीट लावून संहिताबद्ध प्रयोग करायचा असेल तर संहिता आधी तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र आणि पोलीस परवाना यांची चौकशी व्यवस्थापकांकडे आधीच करावी. सत्ता, पैसा, जात यांचा माज असलेल्यांवर बोलण्याची परंपरा सोंगाड्यापासून चालत आली आहे आणि ती सोडू नये असेच मला वाटते. दुबळ्या शरीरावर, रंगावर, अपंगत्वावर केलेल्या विनोदाला मात्र त्या परंपरेचा आधार नाही. माझ्या माइकवर त्यासाठी स्पॉट मिळत नाही.

कोणी माझा विनोद चोरला तर?

स्वामित्व हक्क कायदा कल्पनेला संरक्षण देत नाही, मांडणीला देतो. ‘पुणेकर दुपारी दुकान बंद ठेवतात’ हा विषय सर्वांचा आहे. तुमची शब्दरचना आणि चित्रित केलेला प्रयोग तुमचा आहे. व्हिडिओच उचलला असेल तर यूट्यूबसारख्या मंचाकडे तक्रार करून तो काढून घेता येतो. उलट बाजूने, चित्रपटगीत पार्श्वभूमीला वापरल्याबद्दल तुमच्यावरही दावा येऊ शकतो, आणि ९० दिवसांत तीन स्वामित्व-इशारे मिळाले तर यूट्यूब वाहिनी बंद होऊ शकते.

मुलींनी या क्षेत्रात यावे का? रात्रीचे कार्यक्रम, अनोळखी माणसे...

हा प्रश्न बहुधा आई विचारतात आणि त्यामागची काळजी खरी आहे. आयोजक म्हणून माझे उत्तर असे, की जबाबदारी मुलीवर नव्हे, आमच्यावर आहे: परगावहून येणाऱ्या किंवा लांब राहणाऱ्या मुलींना आधीचा क्रमांक द्यावा, मानधनासोबत प्रवासखर्च द्यावा, निवेदकाने स्त्रीकलाकाराची ओळख तिच्या दिसण्यावरून करून देऊ नये. २०१८ मध्ये याच क्षेत्रातील स्त्रियांनी लैंगिक छळाबद्दल उघडपणे बोलल्यानंतर अनेक प्रस्थापित नावे बाजूला झाली. तेव्हापासून परिस्थिती सुधारली आहे, पुरेशी नाही. हे असंघटित काम असल्याने आयोजकाकडे अंतर्गत समिती नसेल तर लैंगिक छळाविरोधातील २०१३ च्या कायद्यानुसार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते, हे प्रत्येकीला माहीत असले पाहिजे.

मी तालुक्याच्या गावी राहतो. पुण्या-मुंबईला येणे आवश्यक आहे का?

व्हिडिओसाठी नाही. रंगमंचासाठी काही काळ लागेल, पण त्याआधी गावातच माइक सुरू करता येतो. वाचनालयाची वरची खोली, महाविद्यालयाचे सभागृह, एखाद्या कॅफेची संध्याकाळ, इतके पुरते. व्याख्यानमाला आणि गणेशोत्सवातील कार्यक्रम ही आपली जुनी जाळी आहेत; मंडळाच्या कार्यकर्त्यांना दहा मिनिटे मागावीत. लहान मुले, आजोबा आणि नगरसेवक एकत्र बसलेल्या मांडवात जो टिकतो त्याला पुढे कोणत्याही खोलीची भीती राहत नाही.

नोकरी केव्हा सोडावी?

सलग वर्षभर कार्यक्रमांचे उत्पन्न घरखर्चाइतके झाले आणि सहा महिन्यांचा खर्च बाजूला असेल, तेव्हा. पावसाळ्यात कार्यक्रम कमी होतात, परीक्षांच्या काळात महाविद्यालये थांबतात, निवडणुकीच्या काळात परवानग्या रखडतात. हे महिने नोकरीत असतानाच जवळून पाहून घ्यावेत.

पहिल्या स्पॉटला घरच्यांना बोलवावे का?

पहिल्याला नको. घरची माणसे आपल्याकडे पाहत नाहीत, इतर लोक हसतात की नाही याकडे पाहतात, आणि पाच मिनिटांच्या शांततेचा अर्थ ती ‘मूल अडचणीत आहे’ असा लावतात. पहिल्या स्पॉटला बहुतेक वेळा हशा येत नाही. दहा-बारा स्पॉट झाल्यावर, एखादा विनोद तीन वेगवेगळ्या खोल्यांत चालला की, त्यांना बोलवावे आणि दुसऱ्या रांगेत कडेला बसवावे. गेल्या हिवाळ्यात आमच्याकडच्या एका मुलाने तसे केले. वडिलांवरचा विनोद त्याने वडिलांसमोरच केला, आणि सगळी खोली हसत असताना वडील मागे वळून लोकांचे चेहरे पाहत होते.